कारण क्रमांक चार

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून आठ आठवड्यांची अभ्यासरजा. चव्वेचाळिसाव्या वर्षी पदव्युत्तर नर्सिंग करायला निघालेल्या बाईला घरात बसवायचं कुठे, हा प्रश्न नवऱ्याने सोडवला. जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग माझा, निम्मा जेवणाचा. मध्ये त्याने चिकटपट्टी लावली आहे आणि पट्टीपलीकडे चहा सांडला तर तो जबाबदार नाही, असं जाहीर केलं आहे.

प्रबंधाचा विषय मंजूर झाला: रुग्णाची प्रकृती ढासळण्यापूर्वी परिचारिकेला वाटणारी काळजी. ताप, नाडी, रक्तदाब सगळं ठीक असतं, तरी एखाद्या सिस्टरला वाटतं की या माणसाचं काही खरं नाही, आणि पुढे तिचंच खरं ठरतं. यावर जगभर ज्यांनी अभ्यास करून लिहिलंय ते शोधायचं, चाळायचं, गाळायचं आणि उरेल त्याचा आढावा लिहायचा. मी स्वतः एकही रुग्ण तपासायचा नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याने रांधलेलं वाढायचं." तसंच आहे थोडंसं.

आई वर्षभरापासून आमच्याकडे आहे. तिच्या सोबतीला मावशी दहा ते चार येतात, त्यामुळे मला वाचायला सलग वेळ मिळेल. एकतीस मार्चला प्रबंध द्यायचा. मुदत वाढत नाही.

१० फेब्रुवारी

एक हजार चारशे बारा नोंदी सापडल्या. दुबार आलेल्या काढून एक हजार शहाण्णव. आता चाळणी. नियम असा की चाळणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि मग ताळा जुळवायचा, म्हणजे एकाच्या मनातलं खूळ कामात शिरत नाही. माझी जोडीदार वॉर्डातलीच मैत्रीण आहे. सगळे तिला गोंद म्हणतात, कारण एखादी गोष्ट धरली की सोडत नाही.

दुपारी मार्गदर्शक मॅडमकडे जाऊन वगळण्याची कारणं ठरवली. एक, लहान मुलांचे वॉर्ड. दोन, अतिदक्षता विभाग. तीन, आकडेवारी नसलेली नुसती मतं. चौथं मॅडमनी सुचवलं. "नातेवाइकांना काय वाटलं ते काढून टाक. तुझा विषय सिस्टरची काळजी आहे. नातेवाईक आत घेतलेस तर पुढच्या वर्षीही इथेच बसशील." मला एकदम हलकं वाटलं. काम कमी झालं म्हणून असेल.

१४ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. लिहून ठेवते, उद्या हसू येईल.

कारण चारखाली जे अभ्यास बाजूला काढतेय, त्यांत नातेवाइकांचं बोलणं जसंच्या तसं दिलेलं असतं. वाचायची गरज नाही, तरी डोळा जातो. तीस वर्षांपूर्वी एका थंड देशातली बाई सांगते, "हा माझा नवरा नाही. दिसतो तसाच, पण तो नाही." दुसऱ्या टोकाच्या देशात एक मुलगा वडिलांबद्दल म्हणतो, "खाटेवर कुणीतरी त्यांच्यासारखं झोपवलंय." एक बहीण बहिणीबद्दल म्हणते, "ही ती नव्हे." आतापर्यंत अकरा सापडले. भाषा वेगळ्या, वर्षं वेगळी, आजार वेगळे. प्रत्येक वेळी कागदोपत्री रुग्ण बरा. प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांत खेळ खलास.

चहा करून घेतला, मग अकराही गोषवाऱ्यांवर पेन्सिलीने चारचा आकडा घातला आणि गठ्ठा बाजूला ठेवला.

१८ फेब्रुवारी

आईने गठ्ठा पाहिला. तिची सगळी नोकरी टपाल कार्यालयात गेली, त्यातली शेवटची पंधरा वर्षं पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या टेबलावर. कागदाचा गठ्ठा दिसला की तिचे हात शिवशिवतात.

"यांचं काय करणार?" तिने विचारलं.

"काही नाही. हे वगळलेत."

"म्हणजे पत्ता चुकलाय?"

"पत्ता बरोबर आहे, पण मला नकोत."

"आम्ही तसं कधी केलं नाही गं," ती म्हणाली. "कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगायला लिहिलेलं असतं." मग खिडकीकडे तोंड करून झोपली. हल्ली दिवसा जास्त झोपते.

जाताना मावशी म्हणाल्या, "ताई, आजी पाणी पीत नाहीत. ग्लास तसाच राहतो." गारठा आहे, तहान लागत नसेल. नजर ठेवायला सांगितलं.

२१ फेब्रुवारी

गोंदशी फोनवर भांडले. एक हजार शहाण्णव नोंदींत आमचा वाद झाला तो नेमका त्या अकरांवर. तिने सगळे ठेवलेत. मी सगळे काढलेत.

"त्यात सिस्टरची काळजीसुद्धा आहे," ती म्हणाली. "घरच्यांनी सांगितलं म्हणून तर सिस्टर बघायला गेली. तोडणार कशी?"

"कारण चार स्पष्ट आहे."

"एक विचारू? रागावू नकोस. हे नऊ नंबरमुळे चाललंय का?"

मी फोन ठेवला.

नऊ नंबर म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा खाट क्रमांक नऊचा रुग्ण. पोटाचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झालेले, चांगला हिंडता-फिरता. त्याची बायको दिवसभर स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसायची. लहानखुरी, तपकिरी स्वेटर घातलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी ती माझ्याकडे तीनदा आली. म्हणाली, "सिस्टर, हे हे नाहीत." मी जाऊन पाहिलं, बाकी सगळं व्यवस्थित. केसपेपरवर लिहिलं, 'नातेवाईक चिंताग्रस्त. समजावले.' चार वाजता तो गेला.

चौकशी झाली, माझी चूक निघाली नाही, कारण कागद चोख होते. हा विषय मी घेतला तो त्याच्यामुळे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. मग त्यातून त्याच्या बायकोलाच मी का काढून टाकलं, हे गोंदला कसं सांगू? मलाच सांगता येत नाही.

२५ फेब्रुवारी

वाचनालयातून चारला परतले तर आईने पहिला प्रश्न विचारला, "ती बाई गेली का?"

"मावशी? आत्ताच गेल्या."

"मावशी नव्हे. पिशवीवाली."

मावशींकडे पिशवी असते. मी हसून सोडून दिलं. पण आईच्या खाटेजवळच्या खुर्चीवर कारण चारचा गठ्ठा होता. मी तो टेबलावर, चिकटपट्टीच्या माझ्या बाजूला ठेवून गेले होते, पुस्तकाखाली. "हे इथे कसं आलं?" विचारलं तर आई म्हणाली, "ती वाचत बसली होती."

मावशींना फोन केला. त्यांनी कागदांना हात लावला नव्हता. "आणि ताई, माझी पिशवी मी आल्याबरोबर दारामागे अडकवते. जाईपर्यंत तिथेच असते."

आईनेच उठून आणला असणार. दुसरं कोण आणणार? पण परवापासून तिला न्हाणीघरापर्यंत जायलाही हात द्यावा लागतोय.

२७ फेब्रुवारी

काम झकास चाललंय. प्रकरण दोन जवळजवळ संपलं. घर इतकं शांत आहे की एका बैठकीत आठशे शब्द झाले. आई पडून असते, काही मागत नाही, तक्रार नाही. मधूनच पांघरुणावर तिची बोटं चालतात. पत्रं लावल्यासारखी, एक इकडे, एक तिकडे. बघायला गंमत वाटली.

पुढच्या महिन्यात हिला तपासून आणायला हवं. लघवीला वास येतो असं मावशी म्हणत होत्या.

निघताना मावशी दारात घुटमळल्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं. पण आजी आजींसारख्या नाहीत." मी चपापले. गोंदशी बोलताना त्यांच्या कानावर हे वाक्य पडलं असणार. अभ्यास करताना अशाने घोळ होतो, एकदा कल्पना डोक्यात शिरली की जिथेतिथे तेच दिसतं. पद्धतीच्या प्रकरणात यावर एक परिच्छेद घालावा.

१ मार्च, शनिवार

सकाळी आईला चहा द्यायला गेले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

~~आई आज आई वाटली नाही.~~

ही ओळ मी खोडली आहे. काय मूर्खासारखं लिहितेय मी. नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच, नजर माझ्यावरच होती. पण त्या नजरेमागे आई नव्हती. कुणीतरी तिचा चेहरा अंगात घालून, मी ओळखते का हे बघत पडलं होतं. मला तिच्याजवळ बसवेना. स्वतःच्या आईची भीती वाटली, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

मग सिस्टर झाले. ताप नाही. नाडी थोडी जलद, रक्तदाब किंचित कमी, तिचा असतोच. श्वास अठरा. सगळं ठीक.

नवऱ्याला सांगितलं की या अकरा कागदांनी माझं डोकं फिरवलंय. तो म्हणाला, "दोन दिवस सुट्टी घे." सुट्टी कशी घेणार? तीस दिवस उरलेत.

२ मार्च, रविवार. रुग्णालयाच्या बाकावर

लिहिल्याशिवाय इथे बसवणार नाही.

सकाळी नऊला आईचं अंग पुसत होते. ती मला म्हणाली, अगदी परक्या बाईशी बोलावं तसं, "बाई, तुमचं माणूस कितव्या खाटेवर आहे?"

माझ्या हातातून टॉवेल पडला. आणि तेव्हा मला कळलं की काल मी तिचे श्वास मोजलेच नव्हते.

वॉर्डात सगळ्यांचे श्वास अठरा असतात. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. नाडीसाठी मनगट धरावं लागतं, तापासाठी तापमापक लावावा लागतो. श्वास मात्र मिनिटभर नुसतं उभं राहून मोजावे लागतात, आणि तीस खाटांच्या वॉर्डात मिनिट कुणाकडे असतं? म्हणून खाटेच्या पायथ्यापासून नजर टाकायची आणि अठरा लिहायचं. बावीस वर्षं मी अठरा लिहीत आले. नऊ नंबरचेही मी अठराच लिहिले होते. काल आईचेही लिहिले.

घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजले. बत्तीस. पाय बर्फासारखे गार, गुडघ्यांवर निळसर जाळी.

जवळचं रुग्णालय गाठलं, माझं नव्हे. तिथली सिस्टर तरुण, केस घट्ट बांधलेली, रविवारची एकटीच. मी तोंड उघडलं आणि बावीस वर्षांची नोकरी कुठे गेली कळलं नाही. म्हणाले, "ही माझी आई नाही. म्हणजे आईच आहे, पण ही ती नाही."

"बसा, काकू," ती म्हणाली. "डॉक्टर येतीलच. तापबीप नाहीये, काळजीचं काही नाही." तिने खाटेच्या पायथ्यापासून आईकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. आम्हा लोकांना उलटा कागद वाचता येतो. श्वास: १८. त्याखाली, 'नातेवाईक चिंताग्रस्त. समजावले.'

माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत, टिंब तिथेच. घड्याळात पावणेचार वाजले असावेत असं वाटलं, पण होते सकाळचे दहा.

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सिस्टर, मीही सिस्टर आहे. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. एक मिनिट घड्याळ काढा. माझ्याबरोबर मोजा."

तिला राग आला, तरी तिने घड्याळ पुढे केलं. आम्ही दोघी आईच्या छातीकडे बघत उभ्या राहिलो. विसाव्या सेकंदाला तिचे ओठ मोजता मोजता थांबले. मिनिट पुरं झालं तेव्हा चौतीस झाले होते. ती धावत गेली.

६ मार्च

लघवीचा संसर्ग रक्तात पसरला होता. भ्रम, झोप, पांघरुणाशी खेळणारी बोटं, न प्यायलेलं पाणी, वास. पहिल्या वर्षाच्या मुलीने ओळखावं असं चित्र दोन आठवडे माझ्यासमोर होतं आणि मी त्याच्या बाजूला बसून त्यावरच प्रबंध लिहीत होते. डॉक्टर म्हणाले, "उद्या आणलं असतंत तर आणायची गरज पडली नसती."

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मावशी रोज दहाला येऊन बसतात. त्यांना यायची गरज नाही, तरी येतात. आज मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला काय कळतं, ताई." मी म्हणाले, "तुम्हालाच कळलं." मग दोघीही रडलो.

९ मार्च

आई शुद्धीवर आली. वॉर्डात हलवली. मला नावाने हाक मारली. माझे केस किती पांढरे झालेत म्हणाली, म्हणजे पूर्ववत झाली.

भ्रमातलं रुग्णांना पुष्कळदा आठवतं, आणि विचारलं तर बरं वाटतं, असा एक अभ्यास माझ्याच गठ्ठ्यात आहे. म्हणून विचारलं, "ती बाई आठवते?"

"आठवते की. लहानखुरी होती. रोज यायची. मावशी बाहेर गेल्या की खुर्चीत बसायची."

"काय म्हणायची?"

"फार बोलायची नाही. पिशवी सारखी घट्ट धरायची. मी म्हटलं, एवढं काय आहे त्यात? तर उघडून दाखवली. पुरुषाच्या चपला होत्या. म्हणाली, उद्या घरी सोडणार आहेत यांना."

नऊ नंबरला दुसऱ्या दिवशी सोडणार होते. म्हणून तिने घरून त्याच्या चपला आणल्या होत्या. त्याला नेल्यावर ती पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता या कुठे ठेवू?" हे चौकशीत आलं नाही. गोंदला, नवऱ्याला, कुणालाच मी सांगितलेलं नाही. आईने इथे वाचलं असेल म्हणून घरी आल्यावर या वहीची सगळी पानं उलटून पाहिली. स्वेटर आहे, पिशवी आहे. चपला कुठेच नाहीत.

मीच कधीतरी झोपेत बोलले असेन. तसंच असणार.

११ मार्च

मॅडमना फोन करून कारण चार काढून टाकतेय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुदत वाढणार नाही हं." माहीत आहे, मी म्हणाले. "मग शीर्षकात 'आणि नातेवाइकांना' एवढं घाल. आणि का बदललं ते पद्धतीच्या प्रकरणात खरं लिही." मला वाटलं होतं त्या झापतील.

गोंद संध्याकाळी डबा घेऊन रुग्णालयात आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताळा जुळला म्हणायचा." अकरा अभ्यास आम्ही बाकावर बसून पुन्हा आत घेतले. चारचे आकडे खोडरबराने पुसले. कागदावर त्यांचा वण राहिलाय, जातच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या आईला घरी सोडणार आहेत. ती आली तेव्हा अनवाणी होती, म्हणून सकाळी घरून तिच्या चपला आणल्या. कापडी पिशवीत घालून. खाटेजवळ ठेवायला जागा नव्हती, तेव्हा स्टुलावर बसून पिशवी मांडीवर घेतली आणि हे लिहितेय.

मघाशी आईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू आहेस होय. मला वाटलं तीच आली."

सगळं ठीक आहे म्हणतात, उद्या सोडणार म्हणतात, मांडीवर चपला आहेत आणि घड्याळात साडेतीन वाजलेत. मी पिशवी खाली ठेवू शकत होते. ठेवली नाही. ती बाई दिवसभर कशी बसली असेल, हे आज पहिल्यांदा कळलं. मी तिच्याकडे तीनदा वरून पाहिलं होतं.

आईचे श्वास मोजले. अठरा. विश्वास बसेना म्हणून पुन्हा पूर्ण मिनिट मोजले. अठराच. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला खरे अठरा भेटले.

चारला तीच तरुण सिस्टर आली. हल्ली ती माझ्यासमोर घड्याळ काढून मोजते आणि मोजताना बोललेलं तिला खपत नाही. तिचं लिहून झाल्यावर मी म्हणाले, "सिस्टर, आणखी एक लिहाल? आई आज आईसारखी आहे."

तिने कागद उलटसुलट पाहिला. "काकू, याला रकानाच नाही."

"समासात लिहा."

तिने पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं. 'मुलगी म्हणते, आई आज आईसारखी आहे.' मी ते उलटं वाचलं. मग पिशवी खाली ठेवली.